कानाडोळा

६ मार्च

चि. बेबी,

आशीर्वाद लिहितो आहे. हवे असतील तर घे, नाहीतर पाकिटातच राहू देत. त्यांना वजन नसतं, टपालवाले जास्तीचं तिकीट मागत नाहीत.

दोन वर्षांनी बापाचं पत्र बघून दचकू नकोस. सगळं ठीक आहे. दर रविवारी शिलाईवाल्या बाईंच्या फोनवर तू लेकीशी बोलतेस तेव्हा मी त्यांच्याच पायरीवर बसलेला असतो. फोन संपला की खारू येऊन माझ्याकडे तोंड करून सावकाश सांगते, "आईने विचारलं, आजोबा कसे आहेत." तू विचारत नाहीस हे मला कळतं. पण पोर सांगते, मी मान डोलावतो. मला फोन जमत नाही हे तुला ठाऊक आहेच. चौतीस वर्षं कागद कारखान्याच्या बॉयलरशी संसार केला. त्यानं कान मागितले, दिले.

लिहायचं कारण खारूचं विज्ञान. वीसपैकी चार. तिच्या बाईंनी मला शाळेत बोलावून घेतलं. त्या काय म्हणाल्या ते मी तीनदा विचारल्यावर त्यांनी वैतागून उत्तरपत्रिकाच पुढे ढकलली. प्रश्न होता, 'पदार्थाच्या तीन अवस्था लिहा.' तुझ्या लेकीनं लिहिलं होतं, 'कच्चा, शिजलेला, करपलेला.'

मी हसलो. बाई हसल्या नाहीत. मी त्यांना म्हटलं, माझ्या हातचं जेवते ती, तिसरी अवस्था तिच्या चांगल्या ओळखीची आहे. तरी हसल्या नाहीत. मग मी शब्द दिला की हिचं विज्ञान मी बघतो. बॉयलरवाल्यानं आयुष्यभर दुसरं केलंय काय? पाण्याची वाफ, वाफेचं पाणी.

तर आता रोज संध्याकाळी आमची शाळा भरते. पहिलं भांडण नावावरून झालं. आमच्या वेळी घन होता, आता त्याचा स्थायू झालाय. मी घन म्हटलं की ती "चूक" म्हणून हात वर करते. मग म्हणाली, "आजोबा, वाळू ओतता येते, मग ती द्रव का नाही?" दुसऱ्या दिवशी भिंगातून वाळू दाखवली, एकेक कण वेगळा. म्हटलं, बघ, एकेक कण हट्टी आहे, आकार सोडत नाही, गर्दी मात्र वाहते. ती म्हणाली, "शाळा सुटल्यासारखी." हिला वीसपैकी चार!

वाफेचं मी तिला आमच्या धंद्यातलं सांगितलं. किटलीच्या तोंडाशी पांढरं दिसतं ती वाफ नव्हे, ते पुन्हा पाणी व्हायला लागलेलं असतं. खरी वाफ तोंड आणि पांढरं यांच्या मधे असते, आणि ती दिसत नाही. कारखान्यात नळीला भोक पडलं तर आधी ऐकू येतं, सूं करून. मग लांब दांड्याचा झाडू पुढे धरून शोधायचं. झाडूचे केस उडाले की समजायचं, इथे आहे.

आता मुद्द्याचं. मे महिन्यात तू तिला न्यायला येणार, तिकडे तुला खोली मिळाली आहे, असं शिलाईवाल्या बाईंकडून कळलं. तुझी मुलगी आहे, मी कोण नाही म्हणणार? पण आत्ता कुठे तिचं मन अभ्यासात लागलंय. एक वर्ष ठेव. मी डोळ्यांत तेल घालून सांभाळतो आहे. एवढंच मागतो.

तुझा,
बाबा

२४ मार्च

चि. बेबी,

उत्तर नाही. अपेक्षाही नव्हती. तरी प्रगती कळवतो.

आम्ही रॉकेटपर्यंत पोचलो. तिनं विचारलं, रॉकेट वर कसं जातं. मी ठोकून दिलं की जमिनीला ढकलून. ती म्हणाली, "मग वर गेल्यावर कशाला ढकलतं? तिथे तर काहीच नाही." खुर्चीतून उठून बाल्कनीत जाऊन आलो. चौतीस वर्षांत माझ्या साहेबानंही असं अडवलं नव्हतं.

मग शिलाईवाल्या बाईंकडे जाऊन त्यांची चाकाची खुर्ची मागून घेतली. खारूला तीत बसवलं, पाय वर उचलायला लावले आणि कापडाचा मोठा गठ्ठा हातात देऊन म्हटलं, फेक जोरात. गठ्ठा पुढे, खारू मागे, आणि खुर्ची बाईंच्या टेबलावर. बाईंनी आम्हा दोघांना बोलून घेतलं. मला ऐकू आलं नाही, खारूला आलं. पण तिला कळलं! "म्हणजे रॉकेट कुणालाच ढकलत नाही. ते आपल्या पोटातलं फेकतं." तिचे शब्द आहेत, माझे नाहीत.

आता पाण्याच्या टाकीमागच्या मोकळ्या जागेत आमचा तळ आहे. प्लास्टिकची बाटली, एक तृतीयांश पाणी, तोंडात घट्ट बूच, बुचात सायकलच्या ट्यूबचा व्हॉल्व्ह. बाटली उलटी उभी करायची आणि पंपानं हवा भरायची. हवा दाबता येते, पाणी दाबता येत नाही, म्हणून हवा आत चिडत जाते आणि वाट मिळाली की पाण्याला हाकलते. पाणी खाली, बाटली वर. बूच आधीच उडू नये म्हणून मानेला मी तारेची खिट्टी केली आहे, खिट्टीला दहा पावलं लांब दोरी. वहीत नोंदी खारूच करते. एक देतो: 'उड्डाण ७. पाणी एक तृतीयांश. पंप पंधरा. टाकीच्या शिडीच्या तिसऱ्या पायरीपर्यंत. आजोबा भिजले.'

सुरक्षेची काळजी करू नकोस. ती माझ्याकडे तोंड करून उलटे आकडे मोजते, म्हणजे मला ओठ दिसतात. शून्यावर मी ओरडतो, "सोड!" मग ती दोरी ओढते. दुसऱ्या कुठल्याही शब्दावर दोरी ओढायची नाही, आणि या शब्दावर ओढल्याशिवाय राहायचं नाही, असा नियम घातला आहे. आमच्या कारखान्यात असंच होतं. एका कामाला एकच शब्द. त्यानं माणसं वाचतात.

मे महिन्याचं काय ठरलं ते बाईंना सांग.

बाबा

१२ एप्रिल

चि. बेबी,

रविवारी खारू फोनवर फार बोलली नसेल. तिला सर्दी झाली आहे. काळजीचं कारण नाही.

आमची शाळा सध्या घरातच. पडदे ओढून बसतो, उजेड फार नको म्हणून. सर्दीला उजेड बरा नसतो. ती उशांना टेकून बसून असते, मी वाचून दाखवतो. काल शिलाईवाल्या बाई विचारपूस करायला आल्या, तोंडाला पदर लावून म्हणाल्या, "काय गं ही अवस्था!" तर ही जागची न हलता म्हणते, "स्थायू. डॉक्टरांनी हलायचं नाही सांगितलंय." हल्ली सर्दीतसुद्धा डॉक्टर असं सांगतात.

तू तिकडे म्हाताऱ्या माणसांच्यात काम करतेस. तुमच्याकडे डोळ्यांचं बरंच काही होत असेल. डोळ्याच्या आत रक्त उतरलं तर किती दिवसांत निवळतं, काही ऐकलं आहेस का? सहज विचारतो. कारखान्यातल्या एका सोबत्याला झालं आहे. त्याचं वय बहात्तर.

खारू विचारत होती, डोळ्याच्या आत काय असतं, स्थायू का द्रव. मला वाटत होतं पाणी. डॉक्टर म्हणाले, ना धड हे, ना धड ते. मुरांब्याच्या पाकासारखं घट्ट, त्यातूनच आपण सगळं बघतो. म्हणजे सोबत्याचे डॉक्टर म्हणाले. मी त्याच्याबरोबर गेलो होतो.

रॉकेटं सध्या बंद आहेत.

बाबा

१९ एप्रिल

चि. बेबी,

एक गोष्ट कळवायची राहिली. खारू झोक्यावरून पडली होती. उजव्या डोळ्याला थोडा मार बसला. औषधं चालू आहेत. पोरं पडायचीच. तूही लहानपणी

२० एप्रिल

वरचा कागद फाडणार होतो. म्हटलं नको, बापाचं अक्षर खोटं बोलताना कसं दिसतं ते तुला दिसू दे. झोका खारूनं काढला. दवाखान्यात मी काही बोलायच्या आत तिनंच डॉक्टरांना सांगितलं, "झोक्यावरून पडले." आणि खिडकीकडे बघायला लागली. मी ओठ वाचले. नऊ वर्षांची पोर मला पाठीशी घालत होती आणि मी घालू दिलं.

झालं ते असं. सहा तारखेला संध्याकाळी आमचं एकविसावं उड्डाण होतं. बाटली उभी केली, मी पंप मारला, पंचवीस झाले. ती मोजायला लागली नाही. मी पंप गुंडाळत पाठमोरा होतो. बूच गळत होतं, सूं आवाज येत होता, असं ती आता सांगते. मला काय येणार? ती जवळ गेली. वाकली. मीच शिकवलेलं होतं ना, भोक आधी ऐकू येतं, मग शोधायचं. तिनं मला विचारलं, "आजोबा, गळतंय, बघू का?" दोनदा विचारलं म्हणते. मी वळलो तर तिचं तोंड बाटलीवर आणि हात खिट्टीवर. मी ओरडलो,

"सोड!"

मला म्हणायचं होतं, हात काढ, ते सोडून दे, लांब हो. जगात कुठल्याही बापाच्या तोंडातून हाच शब्द गेला असता. पण तिच्यासाठी तीन आठवडे त्या शब्दाचा एकच अर्थ होता, आणि तो अर्थ मी घालून दिला होता. तिनं खिट्टी ओढली. आज्ञाधारक पोर आहे, बेबी. तुझ्यासारखी नाही.

ते शेवटचं वाक्य मी थट्टेनं लिहिलं. खोडत नाही. थट्टा करायची माझी लायकी किती उरली आहे ते तू ठरव.

वर सुटलेली बाटली डोळ्यावर बसली. डोळ्यात रक्त उतरलं आहे. रक्तामुळे मागचा पडदा दिसत नाही असं डॉक्टर म्हणतात. म्हणाले, "तिला किती दिसतं यावर लक्ष ठेवू. त्या डोळ्यानं बोटं मोजता आली तर पडदा जागेवर आहे असं धरू. नाही आली तर मोठ्या इस्पितळात न्यायचं, ताबडतोब. पडदा सरकला असेल तर एकेक दिवस मोलाचा." सोळा तारखेला बोलावलं होतं. डॉक्टर ऑपरेशनला गेले होते, त्यांच्या मदतनीस बाईंनी तपासलं. खारूनं बोटं बरोबर मोजली. तीन, एक, चार. 'सुधारणा आहे' असं कागदावर लिहून मिळालं. हे तरी खरं आहे, कागद माझ्यासमोर आहे.

शिलाईवाल्या बाईंना दोष देऊ नकोस. तुला कळवू नका म्हणून मीच त्यांच्यापुढे हात जोडले होते. रोज शिवणकाम सोडून त्या खारूपाशी येऊन बसतात आणि माझ्याकडे बघतही नाहीत.

आणखी एक आहे. ते लिहिल्याशिवाय पत्र बंद करता येणार नाही.

तू गेल्यावर तीन महिन्यांनी कानाचं मशीन पाठवलं होतंस. मिळालं, असंही मी कळवलं नाही. ते खोक्यातच आहे, कपाटाच्या खणात, वरचं चिकटपट्टीचं सीलसुद्धा शाबूत. तुला निघताना मी जे बोललो ते तू विसरली नसशील. 'दुसऱ्यांचे म्हातारे सांभाळायला स्वतःचं पोर टाकून चाललीस.' तू म्हणालीस, "तुमच्यापाशी ठेवून चालले आहे, बाबा. टाकून नाही." एवढं मला ऐकू आलं होतं. आणि ज्या लेकीला असं बोललो तिनं पाठवलेली वस्तू कानात घालायची म्हणजे रोज सकाळी उठून स्वतःचं चुकलं म्हणायचं. ते मला जमेना. खारूनं कितीदा खोका काढून पुढे ठेवला. मी म्हणायचो, माझं काही अडत नाही.

अडलं.

माझ्या कानात ते असतं तर मला आधी सूं ऐकू आलं असतं, मग तिचा प्रश्न. ओरडायची वेळच आली नसती.

बाबा

५ मे

चि. बेबी,

तुझा निरोप बाईंनी कागदी पिशवीच्या मागच्या बाजूला लिहून दिला. 'चौदा तारखेला पोचते. तोवर मशीन कानात घाला.' एवढंच. चार शिव्या घातल्या असत्यास तर बरं वाटलं असतं. बाईंना विचारलं, आणखी काही म्हणाली का? त्यांनी मान हलवली आणि सुईत दोरा ओवायला लागल्या.

घातलं मशीन. सूचनांचं पुस्तक वाचून घातलं, पण खारूला सांगितलं नाही. टोपी कानांवरून ओढून घेतली. लाज वाटली म्हण. दोन वर्षं नाही म्हटलं आणि पोरीचा डोळा गेल्यावर घातलं, हे तिला कुठल्या तोंडानं सांगू?

घर इतकं आवाजी आहे हे मला ठाऊक नव्हतं. मोरीतला नळ गळतो. पंखा करकरतो. आणि खारू गुणगुणते, बेबी. दिवसभर. चाल नाही, काही नाही, नुसती भुंग्यासारखी. तू दळणाच्या डब्यांवर बसून गुणगुणायचीस तशी. दोन वर्षं ती माझ्या शेजारी बसून गुणगुणत होती आणि मी समजत होतो, पोर शांत आहे.

परवा दुपारी ती बाईंच्या पायरीवर बसली होती, मी दाराच्या आत. माझ्या पाठीमागे मोकळं बोलायची दोघींना सवय. बाई म्हणाल्या, "खरं सांग, उजव्यानं दिसतं ना?"

ती म्हणाली, "नाही. खालून काळं वर येतं. बाकी सगळं गढूळ."

"मग तेव्हा बोटं कशी मोजलीस गं?"

"डावा डोळा मी हातानं झाकला होता ना. बोटांत फट ठेवली."

"अगं बाई! सांग ना मग डॉक्टरांना!"

"सांगितलं तर आजोबांना बोलणी बसतील."

तू हे वाचून म्हणशील, बिचाऱ्या म्हाताऱ्याला आत्ता कळलं. तसं नाही. म्हणून तर लिहितो आहे. मला त्या फटीचं सोळा तारखेलाच माहीत होतं. मदतनीस बाईंनी डोळा झाकायला सांगितला तेव्हा खारूनं आपला तळवा लावला. मी बाजूच्या बाकावर होतो. तर्जनी आणि मधलं बोट यांच्यात फट होती आणि फटीतून तिचा चांगला डोळा मला लख्ख दिसत होता. ती मोजत होती, तीन, एक, चार, आणि मी समोरच्या भिंतीवरची अक्षरं वाचायला लागलो. दिसतंय म्हणते तर दिसत असेल. सतरा दिवस मी स्वतःला हेच सांगत होतो. दिसत असेल तर तू मला क्षमा करशील, आणि कदाचित एक वर्ष ठेवशील. याला आपल्यात कानाडोळा म्हणतात. शब्द आयुष्यभर वापरला, पण त्यात एक कान आणि एक डोळा आहे, हे मला आत्ता कळलं. बॉयलरचा काटा लाल पट्टीत गेलेला बघून तोंड फिरवणाऱ्या कामगाराला मी एकदा नोकरीवरून घालवायला लावलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिला घेऊन दवाखान्यात गेलो. डॉक्टरांना सगळं सांगितलं. झोका नव्हता, रॉकेट होतं. बोटं खोटी होती आणि मला माहीत होतं. त्यांनी काळी पट्टी बांधून तपासलं. खारूला त्यांचा हातच दिसला नाही, बोटं कुठून दिसणार? खिडकी कुठल्या बाजूला आहे तेवढं तिला सांगता आलं. पडदा सरकला आहे. "पंधरा दिवस आधी आला असतात तर," म्हणाले, आणि चिठ्ठी लिहायला घेतली. ऑपरेशन मोठ्या इस्पितळात, नऊ तारखेला.

बाहेर आल्यावर मला वाटलं, खारू रडेल. ती माझ्यासमोर उभी राहिली आणि सावकाश, ओठ नीट हलवून, मला कळावं म्हणून बोलली, "तुम्ही चुगली केलीत." मला ते नीट ऐकू आलं. ती तेव्हापासून माझ्याशी बोललेली नाही.

बाबा

१३ मे

चि. बेबी,

हे पत्र टपालात टाकत नाही. उद्या तू येशील तेव्हा हातात देईन. तोंडानं सांगायला गेलो तर मी थट्टा करीन, नाहीतर भांडेन. बॉयलरवाल्याला तिसरी रीत येत नाही.

ऑपरेशन झालं. पडदा बसवला आहे. डॉक्टर म्हणतात उजेड दिसेल, माणूस आला-गेला कळेल. त्या डोळ्यानं वाचता येईल असं त्यांनी म्हटलं नाही, आणि मी दुसऱ्यांदा विचारलं नाही. डावा ठणठणीत आहे. हालचाल नको म्हणून सध्या दोन्ही डोळ्यांवर पट्टी आहे, उद्या डावी काढतील. एका कुशीवर, मान खाली घालून झोपवलंय तिला. आत हवेचा बुडबुडा सोडलाय म्हणे. तो वर चढायला बघतो आणि पडद्याला दाबून धरतो. मला तिला सांगायचं होतं की बघ, द्रवात वायू, आपल्याच अभ्यासातलं. पण ती माझ्याशी बोलत नाही. परिचारिका जेवण भरवते तर जेवते. मी चमचा धरला तर तोंड मिटून घेते. दिसत नसताना तिला कसं कळतं कोण जाणे. कदाचित मी चमचा फार हळू धरतो. हात धरला तर काढून घेते. दिवसभर मी खाटेशेजारी स्टुलावर बसून असतो आणि माझ्या हातात काही नाही. कारखान्यात काटा चढला तर निदान फिरवायला एक चाक असायचं.

तू आल्यावर ती तुला म्हणेल की तिला तुझ्याबरोबर यायचं नाही. रडेल, खाटेचा दांडा धरेल. म्हणेल, मला आजोबांपाशी राहायचंय. तिचं ऐकू नकोस. त्या दुपारी पायरीवर मी जे ऐकलं ते तुला निम्मंच लिहिलं. उरलेलं लिहायला मला आठ दिवस लागले.

बाईंनी तिला विचारलं होतं, "तुला आईकडे जावंसं वाटत नाही का गं?"

ती म्हणाली, "वाटतं. रोज वाटतं."

"मग म्हणत का नाहीस?"

"मी गेले तर आजोबांना हाक कोण मारणार? त्यांना पाठीमागून हात लावून सांगावं लागतं. दारावर कुणी आलं तरी कळत नाही त्यांना. दूध उतू गेलेलं कळत नाही."

मी दाराच्या आत होतो, बेबी. तिच्यापासून चार हातांवर. दोन वर्षं मी समजत होतो की पोरीला मी सांभाळतो आहे. मी तुझ्याकडे तिच्यासाठी एक वर्ष मागत होतो. तिनं एकदाही मागितलं नव्हतं.

तिचे कपडे धुऊन घड्या करून बाईंकडे ठेवले आहेत. शाळेचा दाखला काढला आहे. औषधांच्या वेळा मोठ्या अक्षरात लिहून वहीच्या पहिल्या पानावर चिकटवल्या आहेत. दोन महिन्यांनी दाखवायला आणायचं आहे. तुमच्या तिकडे डॉक्टर चांगला असेल तर तिथेच दाखव, उगाच प्रवास नको.

मशीन घातलंय हे तिला अजून सांगितलेलं नाही. सांगितलं तर ती निर्धास्त होऊन जाईल असं तुला वाटेल. मलाही वाटलं होतं. पण मी तिला ओळखतो. दुसरं काहीतरी काढेल. आजोबांना दिसत नाही म्हणेल, आजोबांना एकट्याला जेवण जात नाही म्हणेल. मायाळू पोर आहे, थांबायला निमित्त शोधेल आणि रोज तुझी आठवण काढत राहील.

सध्या ती माझ्यावर चिडलेली आहे. एवढ्या सगळ्यात तेवढं एक बरं झालं. माझी बाजू घेऊन तिला काही समजावू नकोस. राग उतरायच्या आत घेऊन जा.

बाबा